इनोबतचे कान आणि पोटातला संगणक

हिकमतिल्ला-अकांनी, म्हणजे हिकमतिल्लादादांनी, बायकोचे कान घरच्या घरी दुरुस्त करायचं ठरवलं, तेव्हा गल्लीतल्या एकाही माणसाने त्यांना अडवलं नाही. उझबेकिस्तानातल्या कोकंदची माणसं अशा वेळी अडवत नाहीत. चहा मागवतात आणि बघायला बसतात.

कान म्हणजे कानातली यंत्रं. थोरली मुलगी मुनीसा पीटर्सबर्गला असते. मागल्या हिवाळ्यात तिने आईला, इनोबतला, बोलावून घेतलं आणि तिथल्या डॉक्टरकडून कानामागे बसणारी, भुईमुगाच्या शेंगेएवढी दोन यंत्रं करवून दिली. डॉक्टरने ती भिंतींना गाद्या मारलेल्या खोलीत बसून जुळवली. त्या खोलीत इनोबतला स्वतःचा श्वाससुद्धा सुरेल ऐकू आला म्हणे. पण कोकंद म्हणजे काही गाद्या मारलेली खोली नव्हे. घरी आल्याबरोबर चहाच्या पेल्यांचा खणखणाट तिच्या डोक्यात खिळ्यासारखा शिरायला लागला. अंगणातला झाडू किंचाळायला लागला. शेजारच्या शराफतने लोखंडी फाटक उघडलं की इनोबत दोन्ही हातांनी कान दाबून धरायची. शेवटी यंत्रं कपाटात साखरेच्या डब्यामागे गेली आणि इनोबत पुन्हा बहिरी झाली. या खेपेला ती जरा जास्तच बहिरी झाली, कारण आता तिने आशा सोडली होती.

आता बहिरेपण कुणाला चुकलंय, असं कुणी म्हणेल. म्हातारपणी कान जातात, दात जातात, सरकार पेन्शन देतं. पण इनोबतचं तसं नव्हतं. या गावात माणसाची किंमत जमिनीवरून ठरत नाही, जिभेवरून ठरते. लग्नात जेवण बेताचं असलं तरी चालतं, पण एकाने टोमणा मारला आणि दुसऱ्याला उत्तर सुचलं नाही, तर त्याची नातवंडंसुद्धा मान खाली घालून फिरतात. आणि इनोबत म्हणजे या विद्येतली पहिलवान. शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. गुलाबाचे काटे मोजता मोजता स्वतःलाही फुटले, असं तिच्या मुख्याध्यापकांनी निरोपाच्या भाषणात डोळे पुसत सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून हिकमतिल्ला-अका रोज तिच्याशी बोलण्यात हरत आले होते आणि रोज कुरकुरत आले होते.

गेली दोन वर्षं ते जिंकत होते.

सकाळी ते म्हणायचे, "ओनासी, आजचा चहा कालव्यातून भरून आणलास का?" मुलांच्या आईला ते ओनासी म्हणत आणि ती त्यांना दादासी, म्हणजे मुलांचे बाबा. एवढं बोलून ते खांदे आवळून वाट बघायचे, जसा माणूस छपरावरून बर्फ पडायची बघतो. आणि इनोबत हसून म्हणायची, "हो, हवा छान आहे."

रोज जिंकण्यासारखं बेचव काही नाही, हे त्यांना उतारवयात कळलं.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण इनोबतच्या मैत्रिणींचा गप होता. गप म्हणजे नावाप्रमाणेच गप्पा. एकाच शाळेत शिकवलेल्या बायका महिन्यातून एकदा आळीपाळीने एकीच्या घरी जमतात, पलाव खातात आणि गैरहजर माणसांची हजेरी घेतात. मागच्या खेपेला एकजण भावाच्या आजारपणाचं सांगत होती. इनोबतने सगळ्यांची तोंडं हलताना पाहिली, नेहमीप्रमाणे गंमत चालली असणार असं धरलं आणि खळखळून हसली. सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. कुणी काही बोललं असतं तरी तिला ऐकू गेलं नसतं. घरी येऊन ती ओढणी घडी करत बसली आणि म्हणाली, "पुढचा गप आपल्याकडे आहे. तो शराफतकडे करा म्हणून सांगते. मी आता पुरे केलं."

हिकमतिल्ला-अकांनी त्याच दिवशी यंत्रं डब्यामागून बाहेर काढली.

*

गावातल्या कानाच्या डॉक्टरने यंत्रं उलटसुलट पाहिली आणि परत केली. "या बनावटीला आम्ही हात लावत नाही. जिथे घेतली तिथे न्या."

"तिथे म्हणजे मधे एक अख्खा देश ओलांडून, डॉक्टर!"

"मग टोपी घाला कानावरून," डॉक्टर म्हणाला. हाही शेवटी कोकंदचाच.

अकांनी इंटरनेट धुंडाळलं. जगात पुष्कळ माणसं आपापल्या कानांची यंत्रं स्वतःच जुळवतात, असं त्यांना कळलं. त्याला एक तळहाताएवढं खोकं लागतं. एका बाजूने ते संगणकाच्या यूएसबीत जातं, दुसऱ्या बाजूने दोन बारीक तारा यंत्रांना जोडायच्या. मग पडद्यावर प्रत्येक आवाजाची पट्टी वेगळी दिसते. बारीक आवाजांची वेगळी, जाड आवाजांची वेगळी. हवी ती वर-खाली करायची.

ते चित्र पाहताच अकांच्या अंगात विजेसारखं काहीतरी सळसळलं. ते पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. जन्मभर त्यांनी कालव्यांची दारं वर-खाली करून फरगाना खोऱ्याला पाणी पाजलं होतं. "हे तर आपलंच काम!" ते टाळी वाजवून म्हणाले. "बारीक आवाजाचं दार जास्त उघडलंय, इतकंच. जरा खाली घेतलं की झालं."

"जरा" आणि "इतकंच" या दोन शब्दांवर बांधलेली धरणं कशी फुटतात, हे खरं तर त्यांना कुणी सांगायला नको होतं.

खोकं मागवलं, आलं आणि टपालात अडकलं. खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला. "इथे लिहिलंय, संप्रेषण उपकरण. म्हणजे रेडिओ. रेडिओला परवाना लागतो."

"बाई, हा रेडिओ नाही. याला तारा आहेत."

"रेडिओलाही तारा असतात."

"हे माझ्या बायकोच्या कानांसाठी आहे."

"रेडिओही कानांसाठीच असतो," बाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनाच दया आली असावी. "बायकोला ऐकू येत नाही असा महाल्ला समितीचा दाखला आणा. औषधोपचाराचं सामान म्हणून सोडते."

महाल्ल्याचे अध्यक्ष घरचेच. पण खुर्चीवर बसले की ते घरचे राहत नसत. "बहिऱ्या? इनोबत-खाला? परवा माझ्या टोपीबद्दल जे बोलल्या ते अजून झोंबतंय मला. त्यांना समक्ष आणा."

इनोबतला समक्ष नेलं. अध्यक्षांनी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन खणखणीत विचारलं, "खाला, तुम्हाला ऐकू येतं का?"

इनोबतला ओठ वाचण्याची सवय झाली होती, आणि बाहेरच्या माणसापुढे दुबळेपण दाखवायची अजून झाली नव्हती. "येतं की," ती म्हणाली.

अध्यक्षांनी हात पसरले. अकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "अहो, तिने तुमचे ओठ वाचले!"

"वाचता येणं हा काही बहिरेपणाचा पुरावा नव्हे, इंजिनिअर." अध्यक्ष शिक्का परत ठेवायला कपाटाकडे वळले आणि पाठमोरेच, सहज म्हणाले, "बसा खाला, चहा घेऊन जा. मुनीसा कशी आहे आमची?"

इनोबत भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली. मुनीसाचं नाव कुणी काढलं आणि तिने मान वळवली नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. अध्यक्ष वळले, थोडा वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मग त्यांनी शिक्का मारला. दारापर्यंत पोचवायलाही आले. टोपीचा विषय पुन्हा त्यांनी कधी काढला नाही.

*

खोकं घरी आलं. खोक्याचा प्रोग्रॅम विंडोजवर चालणारा होता आणि अकांच्या संगणकावर होतं लिनक्स. ते दुकानदार तोहिरने बसवून दिलं होतं, फुकट मिळतं म्हणून. अकांनी संगणक उचलला, उशीसारखा पोटाशी धरला आणि तोहिरच्या दुकानात नेला.

"काढून विंडोज टाकतो," तोहिर म्हणाला. "पण आतलं सगळं पुसलं जाईल."

"आत नातवंडं आहेत!" अका ओरडले. फोटो म्हणायचं होतं त्यांना. शिवाय त्यांनी सेवेत काढलेले सगळ्या कालव्यांचे नकाशे होते, जे आता कुणीच मागत नव्हतं आणि म्हणूनच जास्त जपायला हवे होते.

तोहिरने दाढी खाजवली. "मग पोटात टाकू. या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्यावर विंडोज, बाहेरच्यावर जे आहे तेच."

"आतला कुठे बसणार? जागा कुठाय?"

"आतला नाहीच आहे, अका. बाहेरचा तसं भासवतो. आतल्याला वाटतं, आपण खरे संगणक आहोत. त्याला कुणी सांगितलेलं नाही."

अकांना त्या आतल्याबद्दल एकदम माया वाटली. सरकारी नोकरीत त्यांनीही बराच काळ असाच काढला होता.

घरी येऊन त्यांनी आतला संगणक सुरू केला, प्रोग्रॅम बसवला आणि खोक्याची तार यूएसबीत खुपसली. खोक्यावर हिरवा दिवा लागला. बाहेरच्या संगणकाने लगेच सांगितलं, पाहुणा आलाय. आतल्याला पत्ताच नाही. प्रोग्रॅम म्हणे, खोकं जोडा. अका म्हणाले, जोडलंय. प्रोग्रॅम म्हणे, जोडा. ही चर्चा दुपारच्या अजानपर्यंत चालली.

तोवर कुंपणापलीकडून एर्गश-अका आले होते. एर्गश-अकांनी निवृत्तीपर्यंत बस चालवली आणि त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र ही एक बिघडलेली बस आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. पाठोपाठ शराफत-खाला आल्या, हातात गरम समोशांचं ताट, सम्सांचं.

"पाहुणा ओसरीवर आला म्हणजे आतल्या खोलीत आला असं होत नाही," शराफत-खाला म्हणाल्या. "कुणीतरी आत न्यायला नको?"

अकांनी मान हलवली, कारण पडद्यावरच्या मदतीच्या पानातही हेच लिहिलं होतं, फक्त इतकं सोपं नव्हतं. एक यादी उघडायची. तिच्यात यूएसबीला लागलेली सगळी उपकरणं दिसतात. ज्याच्यावर खूण कराल ते बाहेरच्याकडून सुटतं आणि आतल्याकडे जातं. एका वेळी एकाच घरात. लेकीसारखं, दिल्या घरी सुखी राहा.

यादी उघडली. रिकामी. खाली सूचना: या संगणकावर यूएसबी आत देण्याचा अधिकार ज्या गटाला आहे, त्या गटाचे तुम्ही सदस्य नाही.

अकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या पेन्शनीतून घेतलेल्या संगणकाला हात लावायचा अधिकार असलेल्या मंडळींत त्यांचं नाव नव्हतं. टपालातल्या बाई त्या क्षणी त्यांना बहिणीसारख्या वाटल्या.

"अर्ज कर," एर्गश-अका म्हणाले. "अध्यक्ष कोण आहे?"

"मीच."

"मग पाठव की. ओळखीचा दिसतोय."

अकांनी एका काळ्या खिडकीत एक लांबलचक आज्ञा टाइप करून स्वतःला स्वतःच्या गटात घेतलं. पडद्यावर काहीच झालं नाही. सदस्यत्वाबद्दल कुणी अभिनंदनही केलं नाही. पुन्हा मदतीचं पान. "बदल लागू होण्यासाठी बाहेर जा आणि पुन्हा आत या," एर्गश-अकांनी मोठ्याने वाचलं, उठले, चपला घातल्या, फाटकाबाहेर गेले, परत आले आणि म्हणाले, "आता बघ."

शराफत-खाला हसून हसून सम्सांच्या ताटावर कोसळायच्या बाकी होत्या. इनोबतही ओट्यावर बसून बघत होती. तीही हसली, पण जरा उशिरा आणि इतरांच्या चेहऱ्यांकडे बघून. अकांनी ते पाहिलं. त्यांनी संगणकातून बाहेर पडून पुन्हा आत प्रवेश केला.

या खेपेला यादी भरलेली होती. फक्त नावं माणसांची नव्हती, अंक आणि अक्षरं नुसती. यातलं खोकं कोणतं? जन्मभर सुरक्षिततेचा विचार करणारा माणूस अशा वेळी काय करतो? अकांनी सगळ्यांवर खूण केली.

पडद्यावरचा बाण नाहीसा झाला.

अकांनी माउस हलवला. काही नाही. कीबोर्डवरची कळ दाबली. काही नाही. सगळ्यांवर खूण करताना त्यांनी माउसही आत दिला होता आणि कीबोर्डही. आणि आतला संगणक नेमका त्याच क्षणी "कृपया थांबा, आम्ही काही गोष्टी सुधारत आहोत" असं म्हणून निवांत गोल गोल फिरत बसला होता. बाहेरच्याला हात उरले नव्हते, आतला हात पोटाशी घेऊन झोपला होता, आणि मधे हिकमतिल्ला-अका, निवृत्त इंजिनिअर, हातात मेलेला उंदीर धरावा तसा माउस धरून बसले होते.

"हातही सासरी पाठवलेस की रे," एर्गश-अका हळहळले.

"दृष्ट लागलीय," शराफत-खाला म्हणाल्या आणि कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी घरून इसिरिकची जुडी आणून पेटवली. नजर उतरवायचा तो धूर संगणकाभोवती फिरवायला लागल्या. धूर संगणकाच्या पंख्यात शिरला, पंख्याने तो दुसऱ्या बाजूने एर्गश-अकांच्या तोंडावर सोडला, एर्गश-अका खोकत खोकत उठले आणि म्हणाले, "बस बंद पडली की एकच इलाज. किल्ली बंद, किल्ली चालू." त्यांनी ओसरीवरचा मोठा खटका खाली ओढला.

संगणक गेला. फ्रीज गेला. आणि भिंतीपलीकडे शराफत-खालांच्या विजेच्या भट्टीची घंटी एकदा क्षीण वाजून बंद झाली.

अकांनी खटक्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"शराफत," अका हळूच म्हणाले, "माझ्या खटक्यावर तुझी भट्टी कशी गं?"

शराफत-खालांनी इसिरिकची जुडी जरा घट्ट धरली. "शेजारधर्म म्हणून काही असतं की नाही? सम्सा तुम्हीच खाल्ल्यात ना?"

अकांच्या तोंडात तेव्हाही सम्साच होती, त्यामुळे खटला तिथेच निकालात निघाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अका एकटेच बसले. शेजाऱ्यांना त्यांनी नम्रपणे सांगितलं होतं की आज विश्रांती. त्यामुळे दोघे फक्त कुंपणावरून डोकावत होते. त्यांनी एकेक उपकरण काढून पुन्हा लावलं आणि यादीत कोणता अंक जातो-येतो ते बघून प्रत्येकाची ओळख पटवली. हा माउस, हा कीबोर्ड, हा छापायचा यंत्रराव. राहिला तो आपला. त्याच्यावर, फक्त त्याच्यावर, खूण केली.

आतला संगणक टुण्णकन वाजला. नवीन उपकरण सापडलं!

अकांनी टाळी वाजवायला हात उचलले, तोच तो पुन्हा वाजला. उपकरण गेलं.

पुन्हा खूण. आलं. गेलं. दुपारी जेवणाच्या वेळेला इनोबत येऊन, पडद्याकडे बघून, त्यांच्यासमोर नान आणि दह्याचा वाडगा ठेवून परत गेली. गप आता परवावर आला होता. तिने शराफतकडे निरोप पाठवला नव्हता. अकांनीच तिला "थांब" म्हटलं होतं. ती थांबली होती, पण आशेने नव्हे, त्यांचं मन राखायला. हे ते ओळखून होते, म्हणून वाडगा बाजूला सारून त्यांनी पुन्हा खूण केली.

संध्याकाळकडे त्यांच्या लक्षात आलं की गोम कुठे आहे. खोकं आत गेलं की प्रोग्रॅम त्याला जागं करतो. जागं होताना खोकं क्षणभर स्वतःला बंद करतं आणि दुसऱ्या नावाने पुन्हा उगवतं. बाहेरच्या संगणकाला वाटतं, हा कुणी नवाच पाहुणा आला. तो त्याचा हात धरून स्वतःकडे बसवून घेतो. आतला बिचारा ताट वाढून वाट बघतो.

दर वेळी हाताने आत ढकलून भागणार नव्हतं. अका उठून अंगणात गेले, तोंडावर पाणी मारलं, आणि पाणी फरशीवरच्या उतारावरून आपलं आपण झाडाच्या आळ्याकडे जाताना बघत उभे राहिले. मग स्वतःलाच मोठ्याने म्हणाले, "गाढवा, पाण्याला रोज वाट दाखवतात का? पाट एकदा खणायचा असतो."

"कोण गाढव?" कुंपणावरून एर्गश-अका.

"मी रे बाबा."

"हां, मग चालू दे."

संगणकाला कायमचा नियम सांगायची सोय होती. अमुक उपकरण कधीही, कुठल्याही दाराने आलं, तरी न विचारता थेट आत सोडावं. अकांनी खोक्याची दोन्ही नावं, झोपेतलं आणि जागेपणीचं, त्या नियमात लिहिली. तार काढली. श्वास रोखला. तार लावली.

टुण्णकन वाजलं. गेलं. टुण्णकन वाजलं. आणि तिथेच राहिलं. आतल्या संगणकात प्रोग्रॅमने डोळे उघडले आणि नम्रपणे विचारलं: डावा कान कोणता?

*

गपच्या सकाळी इनोबत खुर्चीवर बसली. कानांमागून निघालेल्या दोन तारा खोक्यात, खोक्याची तार संगणकात. "बांधून ठेवलंत का दादासी, पळून जाईन म्हणून?" ती म्हणाली. पण उत्तराची वाट न बघता नजर खिडकीकडे वळवली. उत्तराची वाट बघायची सवयच मोडली होती.

अकांनी बारीक आवाजांचं दार खाली घेतलं आणि चमचा पेल्यावर वाजवला. ती दचकली. अजून खाली. पुन्हा चमचा. "टोचतंय, पण रक्त नाही निघत." अजून खाली. आता चमचा ऐकूच आला नाही. थोडं वर. मग त्यांना जाड आवाजांचाही मोह झाला. ते दार उचललं, तर इनोबतने नानचा तुकडा तोंडात टाकला आणि घाबरून थांबली. "तबेल्यात कुणीतरी घोड्याला चारा घातलाय," ती कुजबुजली. "माझ्या डोक्यात."

ते दार पुन्हा होतं तिथे. मग फाटकाचा प्रयोग. अकांनी कुंपणाकडे हात केला आणि शराफत-खालांनी आपलं लोखंडी फाटक उघडून धाडकन लावलं. इनोबतने कपाळाला आठी घातली, पण हात कानाकडे गेले नाहीत. शराफत-खालांना प्रयोग आवडला. त्यांनी तो न सांगता आणखी बऱ्याच वेळा केला.

शेवटी अकांनी "साठवा" दाबलं. पडद्यावर एक पट्टी सावकाश भरायला लागली. हा वेळ मोठा वाईट. तार हलली, वीज गेली, एर्गशला खटक्याची आठवण झाली, तर सगळं मुसळ केरात. अका पडद्याला नाक लावून, बायकोकडे पाठ करून बसले आणि बहिऱ्या माणसाच्या घरात माणूस जसा मोकळेपणाने पुटपुटतो तसे पुटपुटायला लागले.

"एवढं होऊ दे रे खुदा. चाल, बाई, चाल पुढे. घरात भांडायला माणूस उरलं नाही. भिंतींशी किती बोलायचं? काही नको मला. तिने एकदा जुन्यासारखे चार शब्द सुनवावेत, बस."

"चारच?" मागून आवाज आला. "दोन वर्षांचे साठलेत, दादासी."

अका वळले नाहीत. वळता येईना. त्यांनी पट्टीकडे बघितलं. ती कधीच भरून झाली होती. मग जमेल तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले, "ओठ वाचलेस ना?"

"तुमची पाठ आहे माझ्याकडे. टकलाचे ओठ वाचायला अजून शिकले नाही मी."

ते वळले तेव्हा ती हसत होती. त्यांचा चेहरा बघून हसायची थांबली आणि ओढणीचं टोक त्यांच्या हातात दिलं. "पुसा. आणि आता पलावाचं बघा. गाजरं मीच चिरायची का? चष्म्याच्या आत पाणी साठवून ठेवलं म्हणून कुणी इंजिनिअर होत नाही."

अकांनी निमूटपणे गाजरं चिरली. ती जाड चिरली गेली. त्याबद्दलही ऐकून घेतलं.

दुपारी बायका जमल्या. गपच्या खोलीत पुरुषांना मज्जाव असतो, म्हणून अका अंगणातल्या पलंगवजा बैठकीवर किटली घेऊन बसले आणि एर्गश-अका अर्थातच त्यांच्याशेजारी. खिडकी उघडी होती. पहिला बराच वेळ आतून नुसते ताटांचे आवाज आले. मग इनोबतचा स्वर आला, ज्या बाईच्या भावाची कथा मागे चालली होती तिला ती काहीतरी विचारत होती, हळू आवाजात, आणि ती बाई सांगत होती, आणि मधे मधे इनोबत "हो गं, मग?" असं योग्य त्या ठिकाणी म्हणत होती. अकांनी पेला खाली ठेवला आणि पुन्हा उचलायला विसरले.

मग थोड्या वेळाने सूर बदलला.

"...तर बायांनो, आमच्या ह्यांनी काय केलं, यंत्रात यंत्र घातलं. ठीक आहे. मग त्यातल्या यंत्रात स्वतःचे हात घातले. तेही ठीक आहे. मग दार लावून घेतलं! आणि चावी? चावी आत! आणि हे बाहेर, उंदीर हातात घेऊन! आणि शराफत धूर घालतेय, जणू संगणकाची सुंताच आहे..."

खोलीत हास्याचा असा लोंढा उसळला की वेलावरच्या चिमण्या उडाल्या. शराफत-खालांचं हसणं सगळ्यांत वर होतं, आणि ते खाली येतंय न येतंय तोच इनोबतने पुढचा टोला हाणला.

हिकमतिल्ला-अकांच्या कपाळाच्या शिरा ताठ झाल्या. चावी! कसली चावी? कीबोर्ड आणि माउस, दोन वेगवेगळी उपकरणं, चुकून एकाच वेळी आत गेली, आणि तेही यादीतली नावं नीट लिहिलेली नव्हती म्हणून. तांत्रिक बाब आहे ही. इतक्या शिकलेल्या बायकांपुढे अशी सांगितली जावी? ते ताडकन उठले, टोपी सारखी केली आणि खिडकीकडे दोन पावलं टाकली.

"आणि बरं का," इनोबत आत म्हणत होती, "दुसऱ्या दिवशी सकाळी..."

अका थांबले. उभ्याउभ्याच त्यांनी मान जरा तिरकी केली.

"जा ना," एर्गश-अका म्हणाले. "सांग त्यांना खरं काय झालं ते."

"गप रे," हिकमतिल्ला-अका म्हणाले आणि हळूच बैठकीच्या कडेवर टेकले. "पुढे काय झालं ते ऐकू दे."